दर्याची खानेसुमारी : प्रस्तावना

ज्या संपत्तीची मोजदाद करता येत नाही तिचा कारभार कोणत्या आधारावर करावा, हा पेच जमिनीच्या बाबतीत आपल्या वाडवडिलांनी केव्हाच सोडवला होता. साखळी घेऊन निघालेला मोजणीदार शेताची हद्द कागदावर उतरवी, कुलकर्ण्याच्या दप्तरात तिची नोंद होई आणि त्या नोंदीवरून सारा ठरे. तक्रार उद्भवलीच तर शेत जागच्या जागी असल्यामुळे फेरमोजणीची वाट मोकळी असे. दर्याच्या बाबतीत ही सोय निसर्गाने ठेवलेली नाही. तेथील रहिवासी दृष्टीस पडत नाहीत, एका ठिकाणी राहत नाहीत, आणि ज्या घडीला ते आपल्या हाती लागतात त्या घडीला बहुधा त्यांचे आयुष्य संपलेले असते. बंदरावर उतरलेल्या टोपल्या मोजता येतात, त्यांचा लिलाव होतो, त्यांचे आकडे सरकारी दप्तरात वर्षानुवर्षे जमा होतात. परंतु टोपलीत आलेला मासा हा पाण्यात उरलेल्या माशाचा दहावा हिस्सा की निम्मा, हे टोपलीवरून कळत नाही. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली, आणि २०२१ साली तोच आकडा साडेतीन हजार टनांच्या खाली घसरला. एवढा मोठा समुदाय मेला की दुसरीकडे गेला, हा मच्छीमाराचा पहिला प्रश्न असतो आणि शास्त्रज्ञाचाही. केवळ उतरलेल्या मालाच्या जमाखर्चातून त्याचे उत्तर निघत नाही, कारण मेलेला मासा आणि निघून गेलेला मासा हे दोघेही टोपलीत सारखेच गैरहजर असतात.

या पुस्तकाचा विषय असलेली युक्ती याच कोंडीतून वाढीस लागली. मासा जिवंत धरावा, त्याच्या अंगावर क्रमांक असलेला बिल्ला लावावा, जागा, तारीख आणि लांबी वहीत टिपावी, त्याला पुन्हा पाण्यात सोडावे, आणि तो कोणाच्या तरी जाळ्यात सापडेपर्यंत वाट पाहावी. एका वाक्यात सांगून संपणारी ही कृती आहे, आणि तिचा इतिहास सांगताना रेशमी फितीपासून उपग्रहाकडे संदेश धाडणाऱ्या यंत्रापर्यंत बिल्ल्याने केलेल्या प्रगतीचेच गुणगान बहुधा ऐकावयास मिळते. माझा कल थोडा निराळा आहे. बिल्ला लावणारा शास्त्रज्ञ हा या व्यवहारातील एक पक्ष. दुसरा पक्ष म्हणजे तो बिल्ला परत आणून देणारा मच्छीमार, ज्याला त्या शास्त्राशी फारसे कर्तव्य नसते, आणि ज्याच्या धंद्यावर त्याच शास्त्राच्या निष्कर्षाने उद्या बंधने येण्याचा संभव असतो. पहिल्याचे कौशल्य कितीही असो, दुसऱ्याचा विश्वास बसला नाही तर सारा खटाटोप पाण्यात जातो, आणि तोही शब्दशः. पुढील प्रकरणे ही गोष्ट ध्यानात धरून वाचली जावीत, एवढ्याचसाठी ही प्रस्तावना शिरस्त्यापेक्षा लांबवली आहे.

प्रारंभीची जिज्ञासा निरुपद्रवी होती. आयझॅक वॉल्टन यांनी १६५३ साली इंग्लंडात प्रसिद्ध केलेल्या गळाच्या मासेमारीवरील ग्रंथात, समुद्राकडे निघालेल्या सॅल्मन माशांच्या पिलांच्या शेपटीला फीत किंवा दोरा बांधल्याचा आणि सुमारे सहा महिन्यांनी त्यांतील काही त्याच जागी पुन्हा सापडल्याचा उल्लेख आहे. अमेरिकेतील मेन राज्यात पेनॉब्स्कॉट नदीवर चार्ल्स ॲटकिन्स यांनी १८७३ साली सॅल्मनला बिल्ले लावले. माशाची संख्या मोजावी, असे त्या काळात फारसे कोणाच्या मनात नव्हते. आणि ज्या काळी थॉमस हक्स्ली यांच्यासारखा दिग्गज १८८३ च्या लंडनमधील मत्स्यप्रदर्शनात मोठ्या सागरी मासेमाऱ्या मनुष्याच्या हातून संपणे बहुधा शक्य नाही असा निर्वाळा देत होता, त्या काळी ती गरज कोणाला भासावी?

ती भासली डेन्मार्कच्या सी. जी. योहानेस पीटरसन यांना, आणि तीही खुल्या महासागरात नव्हे, एका उथळ, आडव्या पसरलेल्या जलाशयात. लिमफ्योर्ड हा डेन्मार्कच्या उत्तरेकडील पट्टा १८२५ च्या वादळात पश्चिमेचा वाळूचा बांध फुटून उत्तर समुद्राला मिळाला, त्याचे मचूळ पाणी खारट झाले, आणि आपल्याकडील लेपाप्रमाणे वाळूला चिकटून राहणारा प्लेस नावाचा चपटा मासा तेथे मुबलक मिळू लागला. हा मासा फ्योर्डातच निपजतो की दरसाल बाहेरून येतो, या प्रश्नावर त्याच्या संरक्षणाची सारी तजवीज अवलंबून होती. कारण पिले बाहेरूनच येत असतील, तर फ्योर्डातल्या अंड्यांच्या रक्षणाचे फर्मान काढणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीवर पहारा बसवून आपल्या विहिरीच्या पाण्याची खात्री बाळगण्यासारखे होते. पीटरसन यांनी १८९० च्या दशकात बटणाएवढ्या दोन चकत्या माशाच्या पाठीतून ओवलेल्या बारीक तारेने दोन्ही अंगांना जोडल्या, आणि असे शेकडो मासे सोडून दिले. लहान प्लेस उत्तर समुद्रातून दरसाल आत येतात, हा त्यांचा १८९६ सालचा निष्कर्ष आज शास्त्रात सर्वमान्य आहे. त्यांची चकती त्यांच्याच नावाने पुढे शतकभर वापरात राहिली.

पण चकतीहून अधिक टिकाऊ ठरला तो तिच्यामागचा हिशेब. समजा, एखाद्या पाण्यात आपण हजार माशांना बिल्ले लावून सोडले. ते इतरांत नीट मिसळून गेले. पुढे मच्छीमारांनी पाच हजार मासे धरले आणि त्यांत पन्नास बिल्लेवाले निघाले. धरलेल्यांत बिल्लेवाल्यांचे प्रमाण शंभरात एक आहे, म्हणून पाण्यातही ते तेवढेच असावे. अर्थात मूळ साठा सुमारे एक लाख. अमेरिकेच्या फ्रेडरिक लिंकन यांनी १९३० साली रानबदकांची गणना करण्यासाठी हाच विचार मांडला, आणि तेव्हापासून पीटरसन आणि लिंकन या दोघांचीही नावे त्या सूत्राला जोडली जातात. न दिसणाऱ्या प्रजेची खानेसुमारी करण्याची ही रीत शाळकरी मुलालाही उमगावी इतकी सोपी आहे, आणि तिच्या सोपेपणातच तिचा धोका आहे, कारण त्या एका भागाकारात चार-पाच गृहीतके निमूटपणे दडून बसलेली असतात. बिल्ला लावल्यामुळे मासा मरत नाही. बिल्ला गळून पडत नाही. बिल्ल्यामुळे मासा जाळ्यात अधिक अथवा कमी अडकत नाही. सोडलेले मासे इतरांत खरोखरीच मिसळतात. आणि सर्वांत शेवटी, ज्याला बिल्ला सापडतो तो तो परत आणून देतो.

यांपैकी पहिल्या गृहीतकांची परीक्षा घेण्याचे उपाय शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहेत. काही मासे हौदात ठेवून जखमेने किती दगावतात ते पाहतात. काही माशांना दोन-दोन बिल्ले लावतात, म्हणजे परत आलेल्यांपैकी किती जणांचा एकच शिल्लक आहे यावरून गळतीचे प्रमाण काढता येते. खरी गोम शेवटच्या गृहीतकात आहे. वरच्याच उदाहरणात सापडलेल्या पन्नास बिल्ल्यांपैकी पंचवीस कोणी तरी दर्यात भिरकावून दिले असे धरा. भागाकाराचा छेद निम्मा झाला, आणि कागदावरचा साठा एक लाखावरून दोन लाखांवर गेला. म्हणजे जो मच्छीमार सरकारवरील रागाने किंवा भीतीने बिल्ला लपवतो, त्याच्या त्या कृत्याने मासा आहे त्याहून दुप्पट आहे असे सरकारला भासते, आणि पुढील हंगामाची मुभा त्या मानाने सैल होते. अप्रामाणिकपणाला तत्काळ बक्षीस आणि विलंबाने शिक्षा, असा हा विलक्षण न्याय आहे. बरे, लपवण्याची कारणेही नेहमी हीन नसतात. बिल्ला देताना कोठे सापडला हे सांगावे लागते. आणि आपली चांगली मासळीची जागा जगजाहीर करावी असे कोणत्या तांडेलाला वाटेल? त्यातून तो मासा शेजारच्या राज्याच्या किंवा राष्ट्राच्या हद्दीत धरलेला असेल, तर ती नोंद म्हणजे स्वहस्ते लिहून दिलेला कबुलीजबाबच. यावर उपाय म्हणून रोख इनामे, टोप्या, सदरे, सोडती असे नाना प्रकार झाले; आणि एक प्रकार तर हेरगिरीच्या जवळ जाणारा आहे. त्यात जहाजावरील निरीक्षक मेलेल्या माशांना गुपचूप बिल्ले टोचून ते साठवणीच्या मालात मिसळून देतो, आणि त्यांपैकी किती बंदरावर अगर कारखान्यात सापडून परत येतात यावरून लोकांच्या प्रामाणिकपणाचे माप काढले जाते. मला ही युक्ती शास्त्रीय दृष्ट्या निर्दोष आणि सामाजिक दृष्ट्या काहीशी अवघडल्यासारखी वाटते. पण तिच्यावाचून बिल्ल्यांचा हिशेब पुरा होत नाही, हेही तितकेच खरे.

विसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः १९०२ साली समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाल्यानंतर, उत्तर समुद्रात प्लेसवर बिल्ले लावण्याचे सत्र सुरू झाले. वॉल्टर गार्स्टँग यांनी किनाऱ्यालगतच्या दाटीतले लहान प्लेस १९०४ पासून डॉगर बँकेच्या विस्तीर्ण उथळ्यावर नेऊन सोडले, आणि परत आलेल्या बिल्ल्यांवरून असे दिसले की तेथे त्यांची वाढ किनाऱ्यावरच्या भावंडांहून कितीतरी वेगाने होते. मासा लहानपणीच न धरता वाढू दिला तर तोच मासा अधिक वजन देतो, हा पुढे मत्स्यव्यवस्थापनाचा पाया ठरलेला विचार असा प्रत्यक्ष पुराव्याने उभा राहिला. बेव्हर्टन आणि होल्ट यांचा १९५७ चा गणिती महाग्रंथ त्याच परंपरेतला. परंतु त्या काळचे नकाशे, ज्यांत सोडल्याच्या जागेपासून सापडल्याच्या जागेपर्यंत सरळ रेघा ओढलेल्या असत, ते पाहताना एक सावधगिरी बाळगावी लागते. मासा सरळ रेघेत जात नाही, हे तर उघडच आहे. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की बिल्ला तेथेच सापडतो जेथे कोणी जाळे टाकतो. ज्या पाण्यात नौका जात नाहीत तेथे मासा वर्षभर मुक्काम ठोकून राहिला तरी नकाशा कोराच राहतो. माशांच्या स्थलांतराचा म्हणून जो नकाशा आपण भिंतीवर टांगतो, तो पुष्कळ अंशी मासेमारी नौकांच्या हालचालींचा नकाशा असतो.

या आंधळेपणातून सुटका करण्यासाठी बिल्ल्याला स्मरणशक्ती द्यावी लागली. इंग्लंडातील लोस्टॉफ्टच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९७० च्या दशकात ध्वनी उत्सर्जित करणारे बिल्ले लावून प्लेसचा पाठलाग केला, तेव्हा एक मोठे चातुर्य उघडकीस आले. आपल्याला हव्या त्या दिशेने भरती अथवा ओहोटीचा प्रवाह वाहू लागला की हा मासा तळ सोडून वर येतो आणि पाण्याबरोबर वाहत जातो. प्रवाह उलटला की तळाशी वाळूत पडून राहतो आणि पुढच्या फेरीची वाट पाहतो. पुढे १९९० च्या दशकात दाब आणि तापमान दर काही मिनिटांनी नोंदवणारे छोटे यंत्र आले, आणि त्या नोंदीतून जागा ओळखण्याची जी रीत निघाली ती मला या सर्व इतिहासातील सर्वांत सुंदर कल्पना वाटते. मासा तळाशी स्वस्थ पडलेला असताना यंत्रात नोंदली जाणारी खोली भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते. त्या चढउताराची उंची आणि पूर्ण भरतीची वेळ उत्तर समुद्रात ठिकठिकाणी निरनिराळी आणि अगोदरच ठाऊक असलेली. तेव्हा दोहोंची रुजवात घातली की त्या दिवशी मासा कोठे होता ते कळते. जे मासे तळाशी बसत नाहीत त्यांच्यासाठी प्रकाशाचा आधार घ्यावा लागतो: दिवसाच्या लांबीवरून अक्षांश आणि माध्यान्हीच्या क्षणावरून रेखांश, ही जुन्या नाविकांचीच विद्या आता कुप्याच्या, म्हणजे ट्यूना माशाच्या, पोटात शिवलेल्या नळीत जाऊन बसली आहे. बिल्ल्यांची आणखी एक जात अशी की ठरलेल्या दिवशी तिचा दुवा खाऱ्या पाण्यात गंजून तुटतो, ती पृष्ठभागावर तरंगते आणि साठवलेला वृत्तांत उपग्रहाकडे पाठवते. युरोपातील वाम मासा सरगासो समुद्रात जाऊन वितो, असे योहानेस श्मिट यांनी तेथील पिलांवरून १९२३ मध्ये प्रतिपादिले होते. प्रौढ वाम तेथवर पोहोचल्याची थेट नोंद मात्र अझोर बेटांवरून सोडलेल्या अशा बिल्लेवाल्या मादींकडून २०२२ साली हाती आली.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रकरण अटलांटिकमधील निळ्या पराच्या कुप्याचे, ज्याला ब्लूफिन ट्यूना म्हणतात. १९२० च्या दशकात इटलीचे मासिमो सेला यांनी भूमध्य समुद्रातील सापळ्यांत सापडलेल्या कुप्यांच्या जबड्यात रुतलेले गळ गोळा केले, आणि ते कोणत्या देशाच्या घडणीचे आहेत यावरून माशाने केलेला प्रवास ताडला. न लावलेल्या बिल्ल्यांचा हा उपयोग एखाद्या मुरलेल्या फौजदाराला शोभणारा होता. फ्रँक मॅथर यांनी १९५४ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हौशी गळकऱ्यांच्या मदतीने बिल्ले लावण्यास आरंभ केला, आणि त्या वर्षी सोडलेल्यांपैकी दोन कुपे १९५९ साली पलीकडे बिस्केच्या उपसागरात सापडले. तरीही, पुढे जेव्हा पकडीवर मर्यादा घालण्याची वेळ आली तेव्हा अटलांटिक कुप्याच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ४५ अंश पश्चिम रेखांशावर रेघ मारून पूर्वेचा साठा वेगळा आणि पश्चिमेचा वेगळा असे ठरवले. कारभाराला रेघ लागते, हे मान्य. पण ती कुप्याला दाखवावयाची राहून गेली. बार्बरा ब्लॉक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकापासून लावलेल्या यांत्रिक बिल्ल्यांनी जे दाखवले त्याचा मथितार्थ असा: वीण दोन निरनिराळ्या ठिकाणी होते, मेक्सिकोच्या आखातात आणि भूमध्य समुद्रात, आणि विणीसाठी प्रत्येक जण आपल्या जागी परततो, परंतु चरण्याच्या कुरणांवर दोन्हीकडचे मासे एकमेकांत मिसळलेले असतात. पश्चिमेचा साठा लहान आणि पूर्वेचा मोठा असल्यामुळे, पूर्वेकडे घातलेली मर्यादा सैल झाली तर तिची झळ पश्चिमेच्या मच्छीमाराला बसते. ही सरमिसळ हिशेबात धरणारी पकड ठरवण्याची पद्धत त्या आयोगाने २०२२ च्या अखेरीस स्वीकारली. पहिल्या दोन बिल्ल्यांनी महासागर ओलांडल्यापासून तोवर ६३ वर्षे लोटली होती. पुरावा हाती असणे आणि त्याची अंमलबजावणी होणे यांत केवढे अंतर असते, ते यावरून दिसावे.

आपल्या बाजूच्या महासागरात सर्वांत मोठा उपक्रम झाला तो २००५ ते २००७ या काळात, आणि मुख्यतः टांझानियाच्या किनाऱ्यासमोर. जिवंत आमिष टाकून काठी-गळाने धरलेला कुपा ओल्या पाळण्यावर आडवा करायचा, लांबी वाचायची, पाठीच्या दुसऱ्या पराच्या मुळाशी पिवळ्या नळीचा बिल्ला टोचायचा आणि काही सेकंदांत त्याला पाण्यात सोडायचे, अशा रीतीने १,६८,००० हून अधिक मासे सोडले गेले, आणि त्यांतले तीस हजारांवर परत कळले. या मोठ्या परताव्याचे रहस्य शास्त्रात शोधण्यापेक्षा सेशेल्समधील व्हिक्टोरिया बंदरात शोधावे. पश्चिम हिंदी महासागरातील बहुतेक पर्ससीन जहाजे तेथेच माल उतरवतात, आणि तेथील हमाल, गोदीतले कामगार व डबाबंद कारखान्यातील मजूर यांना बिल्ला ओळखावयास आणि बक्षीस घ्यावयास व्यवस्थित शिकवले गेले होते. पिवळ्या पराचा कुपा लहानपणी सावकाश आणि मग एकाएकी झपाट्याने वाढतो, ही त्या उपक्रमातून पक्की झालेली गोष्ट त्या माशाच्या साठ्याच्या अंदाजांत वापरली जाते.

भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९६६ ते १९६९ या हंगामांत बांगडा आणि तारली यांवर बिल्ले लावण्याचा कार्यक्रम हाती घेतला होता. ही निवड धाडसाचीच म्हणावी लागेल. कुपा दांडगा आणि दीर्घायुषी. बांगडा आणि तारली हे नाजूक अंगाचे, दोन-तीन वर्षांच्या आयुष्याचे, कोट्यवधींच्या थव्याने फिरणारे आणि कोट्यवधींनीच टोपल्यांत ओतले जाणारे मासे. लाखभर तारलीच्या ढिगातून बोटाच्या पेरापेक्षा लहान बिल्ला शोधणे ज्याच्या नशिबी येते, त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये. पालघरकडे सातपाटीच्या पापलेटाची गोष्ट याहून अवघड, कारण तो जाळ्यातून धड जिवंत निघणेच मुश्कील. आणि तरीही, गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या हद्दीवर नौकांचे जे तंटे चालतात, त्यांत प्रत्येक बाजू ज्याला आपला मासा म्हणते तो मासा कोणत्या मोसमात कोठे असतो, ही माहिती दोन्ही बाजूंना लागणारच आहे. केवळ पोहणाऱ्या प्राण्यांचा विचार केला, तर आपल्या किनाऱ्याने अलीकडे एक नमुना पाहिला आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली धातूचा बिल्ला लावलेली ऑलिव्ह रिडले कासवाची मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली, आणि पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे सर्वस्वी वेगळी असावीत या समजाला धक्का बसला. कासव मासा नव्हे, आणि किनाऱ्यावर चढणाऱ्या प्राण्याचा बिल्ला वाचणे तुलनेने सोपे. पण तेथेही तो वाचला गेला तो रात्री वाळूवर पहारा करणाऱ्या माणसांमुळे.

म्हणून पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात कोकण किनाऱ्यासाठी ज्या योजनेचा विचार केला आहे, तीत यंत्रांच्या किमतीपेक्षा दोन क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींवर अधिक पाने खर्ची पडलेली वाचकास आढळतील. पहिली बाब बिल्ल्यावरील पत्त्याची. आपल्या बंदरांतील नौकांवर आज मासळी निवडणारे खलाशी पुष्कळदा आंध्र, ओडिशा, उत्तर प्रदेश, इतकेच काय नेपाळातूनही आलेले असतात, आणि नळीवर बसेल एवढ्या जागेत कोणत्या लिपीत काय छापावे हा प्रश्न मुंबईच्या कचेरीत बसून सुटणारा नाही. दुसरी बाब इनामाची. बिल्ला प्रथम दिसतो तो डेकवर ओणवे होऊन माल निवडणाऱ्या खलाशाला. बंदरावर तो देतो तांडेल. आणि नौकेच्या कागदांवर नाव असते मालकाचे. बक्षिसाची पावती या तिघांपैकी कोणाच्या नावे फाडायची, हे नौका दर्यावर निघण्यापूर्वी ठरले पाहिजे, आणि माझ्या मते ती खलाशाच्या नावे फाडावी.